डबल-क्लिक करण्याआधी: एम्बेड केलेला ऑब्जेक्ट कुठे बदलता येतो, कुठे नाही

वर्डमधल्या अहवालात मधोमध एक्सेलचा तक्ता आहे. आकडे दिसताहेत, खाली बेरीजही आहे. तिसऱ्या ओळीतला एक आकडा बदलायचा म्हणून तुम्ही तक्त्यावर डबल-क्लिक करता. पुढे काय होईल हे तक्त्याकडे बघून सांगता येत नाही. कधी वर्डच्याच खिडकीत एक्सेलची रिबन उघडते. कधी 'हा ऑब्जेक्ट ज्या प्रोग्राममध्ये तयार झाला तो सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. कधी चित्राभोवती नुसती चौकट उमटते आणि बाकी काहीच होत नाही. या तिन्हींपेक्षा वाईट चौथी शक्यता आहे: आकडा बदलतो, फाइल सेव्ह होते, आणि दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर तक्ता भलताच दिसतो.

नव्याने काम शिकणाऱ्यांना असं झालं की पहिल्यांदा वाटतं, आपलंच काही चुकलं. बहुतेक वेळा तसं नसतं. ज्या सोयीवर हे सगळं उभं आहे तिची रचनाच अशी आहे की ती एका विशिष्ट परिस्थितीत उत्तम चालते आणि त्या परिस्थितीबाहेर गेलं की अर्धवट चालते. ती परिस्थिती कोणती, हे एकदा नीट कळलं की डबल-क्लिक करायच्या आधीच काय होणार याचा अंदाज येतो. हा लेख त्यासाठीच आहे.

एका ऑब्जेक्टच्या पोटात दोन गोष्टी

एका प्रोग्रामची वस्तू दुसऱ्याच्या फाइलमध्ये बसवण्याची जी पद्धत आपण विंडोजवर वापरतो तिचं नाव ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग, थोडक्यात ओएलई. मायक्रोसॉफ्टने ती 1990 मध्ये आणली. 1993 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून वर्डच्या खिडकीत बसून एक्सेलचा तक्ता जागच्या जागी बदलण्याची सोय आली. म्हणजे ही कल्पना त्या काळातली आहे, जेव्हा फाइल ज्या कॉम्प्युटरवर बनली त्याच किंवा तशाच कॉम्प्युटरवर उघडली जाईल असं धरून चालता येत होतं. तीच फाइल ब्राउझरमध्ये, मोबाइलवर किंवा वेगळ्या ऑफिस संचात उघडणं हे सगळं नंतर रूढ झालं.

तक्ता एम्बेड करता तेव्हा वर्डच्या फाइलमध्ये दोन गोष्टी साठतात. पहिली म्हणजे खरा डेटा: एक्सेलची संपूर्ण फाइल, सूत्रांसकट. दुसरी म्हणजे त्या तक्त्याचं चित्र, बहुतेक वेळा ईएमएफ या प्रकारचं. सोबत एक चिठ्ठी असते, हा डेटा कोणत्या प्रोग्रामचा आहे ते सांगणारी. एक्सेलच्या आजच्या फाइलींसाठी ती 'एक्सेल.शीट.12' अशी असते.

पानावर तुम्हाला जे दिसतं ते चित्र. डेटा त्याच्यामागे झाकलेला असतो. डबल-क्लिक केल्यावर वर्ड ती चिठ्ठी वाचतो, विंडोजला विचारतो की या नावाचा प्रोग्राम इथे आहे का, असेल तर त्याच्या हाती डेटा देतो. बदल करून बाहेर आलात की तो प्रोग्राम नवा डेटा आणि नवं चित्र दोन्ही परत करतो. वर्डला स्वतःला तक्त्यातलं काहीही कळत नाही. त्याने फक्त जागा दिलेली असते.

यावर माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पाहा. एम्बेड केलेला तक्ता असलेल्या वर्डच्या फाइलची प्रत काढा. प्रतच काढा, मूळ फाइलला हात लावू नका. नावाच्या शेवटचं 'डीओसीएक्स' पुसून 'झिप' लिहा आणि उघडा. शेवटची अक्षरं दिसत नसतील तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर असेल, त्यात 'एम्बेडिंग्ज' आणि 'मीडिया' असे आणखी दोन. पहिल्यात डेटा, दुसऱ्यात चित्रं. पॉवरपॉइंटच्या फाइलीत हेच 'पीपीटी' फोल्डरखाली मिळतं, एक्सेलच्या फाइलीत 'एक्सएल' खाली. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचाच्या ओडीटी फाइलीत 'ऑब्जेक्ट 1' असा फोल्डर असतो आणि त्याचं चित्र 'ऑब्जेक्ट रिप्लेसमेंट्स' मध्ये.

ही पाच मिनिटं नक्की खर्च करा. पुढची प्रत्येक मर्यादा या दोन फोल्डरांतून निघते: चित्र सगळीकडे दिसतं, डेटा मोजक्याच ठिकाणी उघडतो.

पायरी 1: समोर नेमकं काय आहे ते ओळखा

तक्त्यासारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट एम्बेड केलेला ऑब्जेक्ट नसते. वर्डमध्ये त्यावर राइट-क्लिक करा आणि मेनू वाचा.

'वर्कशीट ऑब्जेक्ट' अशी ओळ असेल आणि तिच्या आत एडिट, ओपन, कन्व्हर्ट असे पर्याय असतील तर तो खरा एम्बेड केलेला ऑब्जेक्ट. 'लिंक्ड वर्कशीट ऑब्जेक्ट' असेल तर डेटा या फाइलीत नाहीच, तो दुसरीकडे कुठेतरी आहे आणि इथे फक्त त्याचा पत्ता आहे. नुसते चित्राचे पर्याय आले तर कुणीतरी तक्ता चित्र म्हणून चिकटवलेला आहे. तो बदलण्याचा मार्ग नाही, मूळ फाइल मागवावी लागेल. आणि कर्सर थेट खान्यात जात असेल तर तो वर्डचा स्वतःचा तक्ता, त्याची काळजी नाही.

चार्टचं प्रकरण जरा वेगळं आहे. ऑफिस 2007 पासून वर्ड आणि पॉवरपॉइंटमधले चार्ट जुन्या अर्थाने ओएलई ऑब्जेक्ट राहिलेले नाहीत. चार्टची रचना फाइलीत स्वतंत्र लिहिलेली असते आणि आकड्यांसाठी एक्सेलचं छोटं वर्कबुक आत ठेवलेलं असतं. त्यामुळे रंग, शीर्षक, अक्षरांचा आकार हे एक्सेलशिवायही बदलता येतं, पण 'एडिट डेटा' वर क्लिक केलं की एक्सेल लागतं. रंग बदलता आला म्हणून आकडेही बदलता येतील असं समजून अनेक जण शेवटच्या घटकेला अडकतात.

पायरी 2: फाइल कुठे उघडणार आहे ते विचारा

फाइल फक्त तुमच्याकडे उघडणार की आणखी कुणाकडे, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायचा.

विंडोजवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस, वर्ड आणि एक्सेल दोन्ही बसवलेलं: इथे सगळं चालतं. मॅकवर एक्सेलचा ऑब्जेक्ट बदलता येतो, पण तो साधारणपणे वेगळ्या खिडकीत उघडतो, आणि विंडोजवरच्या इतर प्रोग्रामांचे ऑब्जेक्ट तिथे चित्र बनून राहतात. ॲक्टिव्हएक्सची, म्हणजे विंडोजच्या तंत्रावर फाइलीत बसवलेली, बटणं मॅकवर चालतच नाहीत. ब्राउझरमधल्या वर्डमध्ये ऑब्जेक्ट दिसतो, सुरक्षितही राहतो, मात्र बदलता येत नाही. डेस्कटॉप ॲपमध्ये उघडावं लागतं. मोबाइलवर तो फक्त पाहण्यापुरता असतो असंच धरून चाला.

गूगल डॉक्समध्ये जास्त सांभाळा. वर्डची फाइल गूगल डॉक्सच्या स्वरूपात बदलून घेतली की एम्बेड केलेल्या तक्त्याचं फार तर चित्र उरतं, आतला डेटा मागे सुटतो. नंतर तीच फाइल पुन्हा वर्डच्या स्वरूपात उतरवली तरी तो परत येत नाही, कारण तो त्या फाइलीत आता नसतोच. ॲपलच्या पेजेसची गोष्टही हीच. मूळ फाइल पुसू नका, एवढं एकच वाक्य इथे लक्षात ठेवलंत तरी पुरे.

लिब्रेऑफिसवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण तिथे 'चालतं' आणि 'चालत नाही' यांच्या मधला मोठा पट्टा आहे.

लिब्रेऑफिस रायटर वर्डची फाइल उघडतो तेव्हा आतल्या एक्सेलच्या तक्त्याचं तो कॅल्कच्या (लिब्रेऑफिसच्या एक्सेलसारख्या प्रोग्रामच्या) ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करू शकतो. मग डबल-क्लिक केलं की कॅल्क उघडतं, एक्सेलची गरज पडत नाही. लिनक्सवर ओएलईचा मायक्रोसॉफ्टचा सांगाडा नसल्यामुळे हाच एक रस्ता असतो. ही सोय टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, मायक्रोसॉफ्ट ऑफिस या ठिकाणी आहे. तिथे मॅथटाइप, विनवर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट अशी यादी दिसेल आणि प्रत्येकासमोर दोन चौकटी, 'एल' आणि 'एस'. 'एल' ची खूण असेल तर फाइल उघडताना रूपांतर होतं, 'एस' ची असेल तर सेव्ह करताना पुन्हा मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपात. एकीला खूण आणि दुसरीला नाही अशी अवस्था असेल तर ऑब्जेक्ट एका दिशेने बदलतो आणि परत येत नाही. म्हणून पहिल्यांदा लिब्रेऑफिस वापरणाऱ्याने या चौकटी एकदा डोळ्यांनी पाहून घ्याव्यात.

रूपांतर झालं म्हणजे सगळं तसंच आलं असं नाही. कॅल्क आणि एक्सेल यांची बरीच सूत्रं सारखी आहेत, पण सगळी नाहीत. उदाहरणार्थ, एक्सलुकअप हे फंक्शन लिब्रेऑफिसमध्ये 24.8 या आवृत्तीत, म्हणजे 2024 मध्ये आलं. त्याआधीच्या आवृत्तीत असा तक्ता उघडून पुन्हा हिशोब करायला लावला की खान्यात आकड्याऐवजी त्रुटी येते. चित्रात मात्र तोवर बरोबर आकडा दिसत असतो, म्हणून न उघडता पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. एक्सेलमधले मॅक्रोही जसेच्या तसे चालतील याची खात्री धरू नका.

चार्ट लिब्रेऑफिसमध्ये त्याचा स्वतःचा चार्ट बनून येतो. डबल-क्लिक करून व्ह्यू मेनूत डेटा टेबल उघडलं की आकडे बदलता येतात, पण ते नुसते आकडे असतात. मूळ वर्कबुकात ते एखाद्या सूत्रातून येत असतील तर ते सूत्र इथे दिसत नाही. स्मार्टआर्टची आकृती इथे सुट्या आकारांचा गट होऊन येते. चौकट हलवता येते, मजकूर बदलता येतो, पण नवीन पातळी जोडली की बाकीची आकृती आपोआप जुळवून घेणं संपतं.

व्हिजिओ, कॅड किंवा एखाद्या खास शास्त्रीय प्रोग्रामचा ऑब्जेक्ट असेल तर सरळ सांगतो: तो प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथेच तो बदलेल. इतरत्र ते चित्र आहे.

पायरी 3: बदल करताना

प्रत काढून तिच्यात काम करा. हे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो, पण इथे त्याला खास कारण आहे. साध्या मजकुरातली चूक अनडू करून मागे घेता येते. ऑब्जेक्टचं रूपांतर होऊन फाइल सेव्ह झाली की मूळ डेटा त्या फाइलीतून गेलेला असतो.

फाइल ईमेलमधून आली असेल तर ती आधी प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडते. त्या अवस्थेत कितीही डबल-क्लिक करा, ऑब्जेक्ट उघडणार नाही. फाइल ओळखीच्या माणसाकडूनच आली आहे याची खात्री झाल्यावर एनेबल एडिटिंग दाबा. अनोळखी फाइलीत आयकॉनच्या रूपात एखादी वस्तू असेल आणि 'इथे डबल-क्लिक करा' असं लिहिलं असेल तर करू नका. अशा आयकॉनआड घातक फाइली लपवणं ही फसवणाऱ्यांची जुनी पद्धत आहे. म्हणूनच काही प्रकारच्या फाइली ऑफिस स्वतःच आतून उघडू देत नाही.

जागच्या जागी एडिट करण्यापेक्षा मी नवख्यांना 'ओपन' वापरायला सांगतो. राइट-क्लिक, वर्कशीट ऑब्जेक्ट, ओपन. तक्ता एक्सेलच्या स्वतंत्र खिडकीत उघडतो, सगळी शीट दिसतात, आणि फाइल मेनूतून प्रत वेगळी सेव्हही करून ठेवता येते. जागच्या जागी एडिट करताना चुकून कडेची चौकट ओढली जाते आणि किती ओळी-स्तंभ दिसावेत तेच बदलतं. वेगळ्या खिडकीत हा धोका कमी. स्क्रीनचं स्केलिंग 100 टक्क्यांहून जास्त असेल तर दर एडिटनंतर तक्ता थोडा ताणलेला किंवा आक्रसलेला दिसू शकतो. तुमचा डोळा तुम्हाला फसवत नाहीये. आकार खरंच बदललेला असतो.

काम झालं की एक्सेलची खिडकी बंद करा. लिब्रेऑफिसमध्ये ऑब्जेक्टच्या बाहेर क्लिक करा किंवा एस्केप दाबा. मगच मुख्य फाइल सेव्ह करा.

आणखी तीन मर्यादा, ज्या कुठल्याही प्रोग्राममध्ये बदलणार नाहीत. एम्बेड केलेला ऑब्जेक्ट दोन पानांवर विभागला जात नाही. लांब तक्ता असेल तर खालचा भाग कापला जातो. एम्बेड केलेल्या पीडीएफचं किंवा वर्डच्या फाइलीचं फक्त पहिलं पान दिसतं. आणि मुख्य फाइलीत केलेला शोध ऑब्जेक्टच्या आत जात नाही. एखादं नाव सगळीकडे बदलायचं असेल आणि फाइंड-रिप्लेसने 'सर्व बदल झाले' असं सांगितलं, तरी तक्त्यांच्या आत जुनं नाव तसंच असतं. अहवालाच्या शेवटच्या तपासणीत हे सर्वांत जास्त निसटतं.

पायरी 4: सेव्ह केल्यावर चित्र आणि डेटा जुळतात का ते पाहा

माझ्या हातून झालेली चूक इथे सांगतो. एका अहवालात 10-12 तक्ते होते. त्यातले दोन मी एका वेगळ्या ऑफिस संचात बदलले, सेव्ह केले, समाधानाने पाठवले. समोरच्याने फाइल वर्डमध्ये उघडली तेव्हा पानावर जुने आकडे होते. त्याने तक्त्यावर डबल-क्लिक करताच नवे आकडे प्रकट झाले. डेटा बदलला होता, चित्र जुनंच राहिलं होतं. छापील प्रत आधीच निघाली होती, जुन्या आकड्यांसह. त्या अहवालावर ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यापुढे चुकीचे आकडे गेले, याचं वाईट मला आजही वाटतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. फाइल सेव्ह करून पूर्ण बंद करतो, पुन्हा उघडतो, आणि काहीही क्लिक न करता पानावर दिसणारे आकडे वाचतो. मग तिचं पीडीएफ काढून तेही वाचतो, कारण छापताना आणि पीडीएफ होताना चित्रच वापरलं जातं. त्यानंतर बदललेला प्रत्येक ऑब्जेक्ट उघडून आतला आकडा पाहतो. दोन्हीकडे एकच आकडा असेल तरच फाइल पुढे जाते. शक्य असेल तर हे सगळं समोरचा जो प्रोग्राम वापरतो त्यातच करायचं.

देवनागरी मजकूर असलेल्या तक्त्यांत आणखी एक गोष्ट बघा. ईएमएफ चित्रात अक्षरं फॉन्टच्या नावानिशी साठवलेली असू शकतात. तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल किंवा त्याचा प्रोग्राम ते चित्र वेगळ्या रीतीने काढत असेल तर जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या सरकलेल्या दिसतात. आतला डेटा मात्र ठीक असतो. अशा वेळी घाबरून तक्ता पुन्हा टाइप करू नका. ज्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आणि मूळ प्रोग्राम आहे तिथे उघडून पुन्हा सेव्ह करा आणि सोबत पीडीएफ पाठवा.

उघडतच नसेल तर

या क्रमाने जा.

आधी साधं कारण तपासा. एक्सेल आधीपासून उघडं आहे आणि त्यात एखाद्या खान्यात कर्सर लुकलुकतो आहे, किंवा कुठला तरी डायलॉग उत्तराची वाट पाहतो आहे? असं असेल तर एक्सेल बाहेरच्या विनंतीला प्रतिसाद देत नाही आणि वर्ड सांगतो की प्रोग्राम सापडत नाही. एक्सेल पूर्ण बंद करून पुन्हा प्रयत्न करा. अनेकदा एवढ्यावर काम होतं.

नाही झालं तर एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात खाली जनरल या भागात डीडीई (प्रोग्रामांनी एकमेकांशी डेटाची देवाणघेवाण करण्याची जुनी पद्धत) वापरणाऱ्या इतर प्रोग्रामांकडे दुर्लक्ष करा अशा अर्थाचा पर्याय आहे. त्याला खूण असेल तर काढा.

मग राइट-क्लिक करून 'कन्व्हर्ट' उघडा. ऑब्जेक्ट कोणत्या प्रोग्रामचा आहे हे तिथे लिहिलेलं असतं. अनेकदा कोडं इथेच सुटतं, कारण एक्सेलचा वाटलेला तक्ता निघतो भलत्याच प्रोग्रामचा.

तरीही काही हलत नसेल तर डेटा बाहेर काढा. आधी पाहिलेला 'एम्बेडिंग्ज' फोल्डर उघडा. त्यात एक्सेलच्या नावाची 'एक्सएलएसएक्स' फाइल असेल तर ती सरळ बाहेर ओढा आणि एक्सेल, कॅल्क, गूगल शीट्स, कशातही उघडा. 'ओएलईऑब्जेक्ट1' अशा नावाची 'बिन' फाइल असेल तर ती एक पेटी आहे. सेव्हन-झिप हा फाइली उलगडणारा प्रोग्राम ती उघडू शकतो. आत 'पॅकेज' किंवा 'कंटेंट्स' नावाचा तुकडा सापडला तर तो बाहेर काढून योग्य एक्स्टेन्शन द्या, एक्सेलसाठी 'एक्सएलएसएक्स', पीडीएफसाठी 'पीडीएफ'. दर वेळी जमेलच असं नाही, पण मूळ फाइल हरवलेली असताना हा मार्ग माहीत असणं फार मोलाचं आहे. आणि एम्बेडिंग्ज फोल्डरच नसेल, फक्त मीडिया असेल, तर शोध थांबवा. तिथे कधी डेटा नव्हता किंवा वाटेत कुठेतरी गळून गेला.

जुनी समीकरणं

गणित किंवा विज्ञानाच्या जुन्या वर्ड फाइली हाताळणाऱ्यांसाठी हा भाग. इक्वेशन एडिटर 3.0 हा छोटा प्रोग्राम पूर्वी ऑफिससोबत यायचा आणि त्यात लिहिलेलं प्रत्येक समीकरण ओएलई ऑब्जेक्ट असायचं. त्यात सुरक्षेची गंभीर त्रुटी सापडल्यावर मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2018 च्या अपडेटमध्ये तो काढून टाकला. परिणाम असा की लाखमोलाची समीकरणं पानावर दिसतात, छापता येतात, पण डबल-क्लिक केलं की उघडणारं कुणी उरलेलं नाही.

वाटा तीन आहेत. नव्या वर्डमध्ये अशा समीकरणाचं आजच्या ऑफिस समीकरणात रूपांतर करण्याची सोय आहे. ती दिसली तर तीच वापरा. मॅथटाइप हा स्वतंत्र प्रोग्राम असेल तर तो ही समीकरणं उघडतो. आणि दोन्ही नसतील तर लिब्रेऑफिस: वर सांगितलेल्या यादीत मॅथटाइपसमोर 'एल' ची खूण ठेवून फाइल उघडली की ती समीकरणं लिब्रेऑफिसच्या मॅथ या समीकरण-प्रोग्रामचे ऑब्जेक्ट होतात आणि बदलता येतात. रूपांतरानंतर घातांक, मूळ आणि मॅट्रिक्स एकेक करून मुळाशी ताडून पाहा. एखादं चिन्ह हललं तर समीकरणाचा अर्थच बदलतो, आणि हे काम कुठलाही प्रोग्राम तुमच्यासाठी करणार नाही.

लिंक असेल तर

लिंक केलेल्या ऑब्जेक्टमध्ये डेटा बाहेरच्या फाइलीत असतो आणि इथे तिचा पत्ता. वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ9 दाबून पाहा, तक्त्याच्या जागी पूर्ण पत्ता दिसेल. तो तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचा असेल तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो चालणार नाही हे उघड आहे. पत्ता बदलायचा असेल तर वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये फाइल, इन्फो, एडिट लिंक्स टू फाइल्स. लिब्रेऑफिसमध्ये एडिट मेनूत लिंक्स. पाठवण्याआधी लिंक तोडून शेवटचे आकडे गोठवायचे असतील तर वर्डमध्ये तक्ता निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ9. त्यानंतर ते चित्र होतं आणि परत लिंक होत नाही, म्हणून हे फाइलीच्या प्रतीवर करा.

गूगल डॉक्समध्ये शीट्समधून आणलेला चार्ट किंवा तक्ताही लिंकच असते, फक्त पत्ता गूगलच्या आतला. मूळ शीटमध्ये बदल झाला की अपडेटचं बटण येतं. ते दाबलं नाही तर जुनंच दिसत राहतं. आणि ज्याला मूळ शीट पाहण्याची परवानगी नाही त्याला ते अपडेट करता येत नाही.

पाठवण्याआधी आत काय आहे ते बघा

ही मर्यादा संपादनाची नाही, पण ती न सांगता हा लेख पुरा करणं मला बरोबर वाटत नाही. एक्सेलमधून 10 ओळी कॉपी करून वर्डमध्ये वर्कशीट ऑब्जेक्ट म्हणून चिकटवल्या की फक्त त्या 10 ओळी जात नाहीत. पूर्ण वर्कबुक जातं, सगळ्या शीटसह. पगाराचं पान, इतर ग्राहकांचे दर, कच्चे हिशोब, सगळं त्या एका डबल-क्लिकमागे उभं असतं. पानावर दिसत नाही म्हणून ते नाही असं नव्हे. बाहेर जाणाऱ्या फाइलीतला प्रत्येक ऑब्जेक्ट 'ओपन' करून खालच्या पट्टीवर किती शीट आहेत ते मोजा. नको ती असतील तर लागणाऱ्या ओळी नव्या कोऱ्या वर्कबुकात नुसती मूल्यं म्हणून चिकटवा आणि तिथून एम्बेड करा.

मुळात एम्बेड करावं का

समोरच्याला आकडे फक्त वाचायचे असतील तर एम्बेड करू नका. पेस्ट स्पेशल वापरा: वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही, लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. तिथे चित्र किंवा फॉरमॅटेड टेक्स्ट निवडा. फॉरमॅटेड टेक्स्ट निवडलं तर वर्डचा साधा तक्ता तयार होतो, जो ब्राउझरमध्ये, मोबाइलवर, लिब्रेऑफिसमध्ये सगळीकडे बदलता येतो. सूत्रं जातात, पण वाचणाऱ्याला ती बहुधा लागत नसतात. माझ्या अनुभवात 10 पैकी 8 वेळा हाच पर्याय योग्य निघतो.

समोरच्याला आकडे बदलायचे असतील आणि तो वेगळा ऑफिस संच वापरत असेल, तर वर्डमध्ये साधा तक्ता ठेवा आणि एक्सेलची फाइल सोबत वेगळी पाठवा. एकाच फाइलीत सगळं असण्याची सोय जाते, पण प्रत्येक फाइल तिच्या प्रोग्राममध्ये नीट उघडते.

एम्बेड करणं खरंच योग्य ठरतं ते तेव्हा, जेव्हा दोन्ही बाजूंना तोच संच, शक्यतो त्याच्या जवळपासच्या आवृत्त्या, आणि डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे. तेव्हाही मूळ वर्कबुक स्वतंत्र जपून ठेवा, आणि अहवालात तक्त्याखाली बारीक अक्षरात त्या वर्कबुकाचं नाव आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी ज्याच्याकडे तो तक्ता उघडत नाही त्या माणसाला कुठे बघायचं ते त्या एका ओळीवरून कळेल.